मधूकाकांच्या टर्बोची गळती

मधूकाका कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी ऐकतात. खिशातून हातभर रबरी नळी काढतात, एक टोक स्वतःच्या कानाला लावतात आणि दुसरं टोक तुमच्या घरातल्या ज्या वस्तूवर संशय असेल तिच्याजवळ नेतात. आमच्या कुकरवर हा प्रयोग झाला, गिझरवर झाला. गणपतीत भजनी मंडळ आलं तेव्हा पेटीवरही झाला. पेटीवाले गृहस्थ डोळे मिटून सूर धरून बसले होते. डोळे उघडून बघतात तो भात्याला नळी आणि नळीला मधूकाका.

"थांबा जी, कुठून तरी सुटून राहिलं!"

भाता खरोखरच फाटलेला निघाला. पण ते गृहस्थ प्रसाद न घेताच गेले.

'कुठून तरी सुटून राहिलं' हे काकांचं जगाविषयीचं एकंदर मत आहे. कोणाचं लग्न मोडलं, नळाला पाणी आलं नाही, आपली टीम हरली, की काका मान हलवून एवढंच म्हणतात.

रायपूरच्या चौबे कॉलनीत आमची आणि त्यांची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाल्यावर माणसं सकाळी फिरायला लागतात. काकांनी ट्रक चालवायचं लायसन्स काढलं. मग एक दिवस त्यांनी जुनापाना सहाचाकी ट्रक आणून शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर उभा केला. कॉलनीचे सेक्रेटरी शुक्लाजी हादरले.

"भाईसाहब, ट्रान्सपोर्ट का धंधा करेंगे क्या?"

"हव, देखेंगे," काका म्हणाले.

धंदा काही दिसला नाही. ट्रकमध्ये कधी गिट्टी भरली नाही की तांदळाचं पोतं चढलं नाही. काका रोज सकाळी इंजिन सुरू करत आणि कानाला नळी लावून केबिनमध्ये शिरत. या जुन्या ट्रकांचं इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या बाजूला झाकणाखाली असतं. त्यात जास्तीची हवा कोंबायला जो टर्बो बसवलेला असतो, त्याच्या जोडावरून धूर सायलेन्सरकडे जायच्या ऐवजी केबिनमध्ये फुसफुसत होता. बाकीचे ड्रायव्हर खिडकी उघडतात आणि चालू पडतात. काका मात्र त्या धुराच्या हात धुऊन मागे लागले.

आधी त्यांनी उष्णता सोसणारी पेस्ट थापली. ती जळून फुफाटा झाली. मग बोल्ट आवळले. आणखी आवळले. एक तुटला. मग दम बिर्याणीच्या हंडीला लावतात तशी कणीक लावायचं त्यांच्या डोक्यात आलं. सिंधूकाकूंची पोळ्यांची कणीक परातीसकट ट्रकमध्ये गेली. इंजिन तापलं आणि गल्लीभर भाजलेल्या पोळीचा इतका सुंदर वास सुटला, की रोज आमच्या दारात येणारी गाय आम्हांला सोडून ट्रकच्या पायरीवर पुढचे दोन पाय देऊन उभी राहिली. तिला खाली उतरवायला चार माणसं लागली. धूर होता तिथंच.

शेवटी काका माझ्याकडे आले. "पोरी, तुझं ते झाडूचं मशीन दे."

"व्हॅक्यूम क्लीनर? काहून काका?"

"उलटी हवा फेकते ना तं! सायलेन्सरमधून हवा मारायची आणि जोडावर साबणाचं पाणी टाकायचं. जिथं फुगा आला तिथं चोर."

मी मशीन दिलं. नेमकं त्याच वेळी शुक्लाजी कमिटीचा हुकूम घेऊन आले, की रविवारपर्यंत ट्रक हलवा. काकांनी त्यांचं म्हणणं आदराने ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातात मशीनचा पाईप दिला.

"जरा पकडिए. सायलेन्सर के मुँह पर. हवा नहीं निकलनी चाहिए, हव?"

शुक्लाजी पांढऱ्या सफारी सुटात, ट्रकच्या मागे उकिडवे बसले. मशीन गरजलं. आतून काका ओरडले, "ज़ोर से दबाइए!" शुक्लाजींनी दाबला. दाबता दाबता सायलेन्सरने इतक्या वर्षांची काजळी त्यांच्या सफारीवर सोडली. ते उठणार, तेवढ्यात केबिनमधून आरोळी आली, "फुगा! फुगा आला!" आणि काका फेसाच्या हातांनी धावत येऊन शुक्लाजींना कडकडून भेटले. शुक्लाजी घरी गेले तेव्हा त्यांच्या बायकोने आधी दार लावून घेतलं, मग नाव विचारलं.

चोर सापडला होता. काकांनी जोड खोलला, त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि मला मागून टॉर्च मारायला लावला. पट्टीखालून उजेड दिसला. उष्णतेनं जोडाच्या तोंडाचा भागच वाकला होता, म्हणून कितीही आवळलं तरी फट राहत होती. काका तो भाग घेऊन भनपुरीच्या वर्कशॉपात गेले आणि मशीनवर घासून सपाट करून आणला. नवीन गॅस्केट, नवीन बोल्ट. एक इकडचा, एक समोरचा, असे बरोबरीनं आवळले. इंजिन तापवलं, थंड होऊ दिलं, परत आवळले.

मग त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, काचा बंद केल्या आणि इंजिन सुरू केलं. "नाकानं बघ."

मी बराच वेळ बघितलं. वास नव्हता. "काका, झालं की! पण एवढ्याशा धुरासाठी एवढं?"

काका स्टिअरिंगवरची धूळ पुसत राहिले. "तुझ्या काकूले कोणतीच गाडी सोसत नाही. जिंदगीभर रेल्वेचा पास होता माझ्याजवळ, पण हे बाजूचं दुर्ग येईपर्यंत बिचारी उलट्यांनी अर्धी होऊन जाते. कार नाही, बस नाही. फक्त एकदा, बिलासपूरहून बदली होऊन आलो तेव्हा सामानाच्या ट्रकात समोर बसली होती. उंचावर, सगळा रस्ता दिसते ना. काहीच झालं नाही तिले. गाणे म्हणत आली." त्यांनी फडक्याची घडी केली. "तिचा दादा भंडाऱ्याले खाटेवर पडून आहे. तिले बोलावून राहिला. पण धुराचा वास आला की संपलं."

"मग एखादा ट्रक भाड्यानं..."

"भाड्याचा ड्रायव्हर बिडी ओढते. ती 'थांबा' म्हणाली तं थांबन का तो?"



रविवारी सकाळी ट्रक खरोखरच हलला. काकू स्टुलावर चढून केबिनमध्ये गेल्या, मांडीवर चिवड्याचा डबा. मागचा सगळा ट्रक रिकामा. शुक्लाजी नव्या सफारीत, चांगलं लांब उभे होते. काकांनी ब्रेक इतका हळू सोडला की गाडी निघाली हे आम्हांला उशिराच कळलं.

दुपार उलटल्यावर काकूंचा फोन आला. आवाज टवटवीत होता. "पोहोचलो बाई! काही त्रास नाही. नाक्यावर पोलिसानं विचारलं, गाड़ी खाली है क्या? तं हे म्हणतात कसे, खाली कैसे, मिसेज बैठी हैं ना!"

"आणि काका कुठे आहेत?"

"बाहेर गाडीत बसून आहेत. आल्यापासून आत नाही आले. म्हणे, इंजिन थंड होऊ दे, तोवर तुम्ही भाऊ-बहीण बोला."

"एवढा वेळ लागते इंजिन थंड व्हायले?"

"नाही लागत," काकू हळूच म्हणाल्या. "पण दादा माझा हात सोडून नाही राहिला ना."