ताकात विझवलेला तुकडा

"आई, डब्यातला आठवा तुकडा कुठं हाय?"

सिद्धोधन परभणीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवता शिकवता पीएचडी करत होता. लोखंडावर पोलादाचा पातळ थर फवारायचा आणि भट्टीत तापवल्यावर तो किती कठीण होतो ते पाहायचं, हा त्याचा विषय. सात तुकडे तापवलेले, आठवा थर दिलेला पण तुलनेसाठी न तापवता कोरा ठेवलेला. कॉलेजातल्या कपाटाला कुलूप नाही म्हणून डबा त्याने पालमला घरी आणला होता. उद्या गाइड अप्पाराव सर तुकडे तपासणार होते आणि त्यावर त्याची दोन वर्षांची मेहनत ठरणार होती.

"तुझ्या बापाचं पोट बिघडलं व्हतं," सरजाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "लोखंड लाल करून ताकात इझवलं, दिलं प्यायला. धुऊन ठिवलाय बघ ताटाळ्यात."

"आई, तेवढाच एक तापवायचा नव्हता."

"बाकीचे सात तर तूच तापवलेस. मला वाटलं, ह्यो राहून गेला."

"मला मातर लय आराम पडला," पलंगावरून सूर्यभान म्हणाले.

नवा तुकडा करायला वेळ नव्हता. सिद्धोधनने काजळी घासून काढली आणि तुकडा गुपचूप डब्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी यंत्रावर सगळ्यांत कठीण निघाला तो हा कोरा तुकडा. सरांनी तीनदा मोजलं आणि चष्मा काढला.

"न तापवलेलाच सरस, तर तुमी दोन वर्षं भट्टी कशाला पेटवायलात?"

गप्प बसावं तर पीएचडी जाते, बोलावं तर इज्जत जाते. बिचाऱ्याने इज्जत सोडली आणि ताकासकट सगळं सांगितलं.

सर रागावले नाहीत. "भट्टीतले हळूहळू गार झाले, ह्यो ताकात एकदम इझला, म्हणून कठीण झाला असंल. नवे तीन तुकडे फवारा. रविवारी माझ्यासमोर परत होऊ द्या. तसंच निघालं, तर तुमची पीएचडी पक्की."

रविवारी सर पालमला आले. चहा झाला, पण सरजाबाई चुलीकडे वळेनात.

"औषध हाय ते. कुणाचं पोट बिघडल्याबिगर ताक वाया घालायचं न्हाई."

सूर्यभान तर ठणठणीत होते. सिद्धोधनने केविलवाणं होऊन सरांकडे पाहिलं. सरांनी तीन तुकड्यांकडे पाहिलं आणि हळूच पोटावर हात ठेवला.

"ताई, सकाळपासून चार खेपा झाल्यात."

"मग आधी सांगायचं न्हाई का," म्हणत सरजाबाईंनी चिमटा उचलला. "तीन तुकडे, तीन तांबे ताक. उरवायचं न्हाई."