चौथी चिंधी

माझ्याइतकी सावध बाई तुम्हाला दिवा घेऊन शोधलीत तरी सापडायची नाही! घराबाहेर पडताना मी कुलूप तीनदा ओढून बघते. खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातला कागद पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचते. आमची मुंगी दीड वर्षाची आहे. जमिनीवर पडलेला एकही कण ती सोडत नाही, म्हणून मुंगी. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघते, आणि त्या बोटानेच ती दचकून जागी होते! परवा तिचं लाळेचं फडकं खांद्यावर तसंच टाकून मी बँकेत जाऊन आले, तर नवरा पोट धरून हसला. हसू दे. लेकरू कधी ओकेल, सांगता येतं का?

तर, नवऱ्याच्या वाढदिवसाला त्याची गिटार लख्ख करून ठेवायची, असं मी ठरवलं. दीड वर्ष ती बिचारी कोपऱ्यात उभी होती. मुंगी उभं राहायला शिकली ती तिचीच मान धरून. त्यामुळे फ्रेटबोर्डवर, म्हणजे मानेवरच्या ज्या लाकडी पट्टीवर वाजवणाऱ्याची बोटं फिरतात तिच्यावर, बिस्किटाचा लगदा आणि केळं यांचा असा काही थर चढला होता, की खणलं असतं तर खाली एखादं जुनं शहर निघालं असतं!

वाद्यांच्या दुकानातल्या काकांनी जवसाच्या तेलाची बाटली दिली आणि बजावलं, "तारा काढायच्या, पट्टी कोरडी पुसायची, मग चार थेंब चोळायचे. चारच हं! तळायचं नाहीये आपल्याला."

सकाळी नवरा आंघोळीला गेला आणि मी आतल्या खोलीत कामाला लागले. त्याच्या जुन्या बनियनच्या चार चिंध्या केल्या. खुंट्या सैल केल्या, तारा काढल्या, टूथब्रशने पट्टीवरची एकेक धातूची कांडी घासली, तेल चोळायला घेतलं. मध्येच मुंगीला भरवलं, तिची पाळणाघराची पिशवी भरली, पुन्हा येऊन उरलेलं तेल चोळलं. लाकूड असं उजळलं म्हणून सांगू! बाहेरून आवाज आला, "कसला गं वास येतोय? तेल पाजलेल्या जुन्या बॅटीसारखा?"

"तुला भास होतोय! जा, उशीर होतोय!"

नऊ वाजता तो मुंगीला घेऊन गेला. रोज तोच तिला पाळणाघरात सोडतो आणि तसाच ऑफिसला जातो. मी घर आवरलं. अकरा वाजता चहा घेऊन बसले आणि सवयीने बाटली उचलून मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. औषधाचा कागद आधी वाचणारी मी, ही बाटली मात्र नंतर वाचत होते!

'इशारा. तेल लागलेल्या चिंध्या चुरगाळून कोंडून ठेवू नयेत. त्या आपोआप पेट घेऊ शकतात.'

आपोआप! काडी नको, ठिणगी नको! चिंधी स्वतःच्या मनाने पेटणार!

मी स्वयंपाकघरात धावले. कचऱ्याच्या डब्यातून चिमट्याने एक चिंधी काढली, पाण्याच्या बादलीत बुडवली. दुसरी. तिसरी. चौथी?

चौथी नव्हती. गादीखाली नाही, गिटारच्या पोटात नाही, वॉशिंग मशीनमध्ये नाही. आणि मग आठवलं. पिशवी! मुंगीची पिशवी मी तेलकट हातांनी भरली होती. मऊ पांढऱ्या दुपट्यांमध्ये एक मऊ पांढरी चिंधी, चुरगाळलेली, वरून चेन लावून कोंडलेली! आणि पाळणाघरात पिशव्यांच्या खुंट्या मुलांच्या गाद्यांच्या बरोब्बर वर आहेत. साडेअकराला मुंगी तिथेच झोपते.

फोन लावला. आता इथे एक अडचण होती. पाळणाघराच्या ताईंनी मला दिवसाला एकच फोन असं रेशन लावून दिलं होतं.

"ताई, मुंगीची पिशवी कुठंय?"

"आजचा तुमचा फोन झालाय. साडेनऊला. मोज्यांचा."

"हा मोज्यांचा नाही, आगीचा आहे!"

"अगं बाई! कुठे लागली आग?"

"अजून लागली नाही. लागणार आहे!"

पलीकडे एक लांब सुस्कारा. "मागच्या आठवड्यात पंखा पडणार होता. त्याच्या आधी कासव चावणार होतं. अहो, भिंतीवर रंगवलेलं कासव आहे ते! ठेवते."

आणि ठेवलाच! पुन्हा लावला, तर उचलेचनात.

मी धावत सुटले. एका पायात माझी चप्पल, एका पायात नवऱ्याची. दोन गल्ल्या, पण त्या दिवशी कुणी रबरासारख्या ताणून ठेवल्या होत्या! वळणावर पांढरा लोट दिसला आणि मी किंचाळलेच. लाँड्रीतली वाफ होती ती. पण तेलाचा वास मात्र खरा होता. मी धावतेय तसतसा वाढतोय! म्हणजे मी जवळ पोचत होते. डोळ्यांसमोर मुंगीचा उघडा तळपाय येत होता. मोजा काढून टाकलेला.

"मुलांना बाहेर काढा!" दारातूनच मी ओरडले.

माझा अवतार बघून ताईंनी वाद घातला नाही. अकरा मुलं दोरीला धरून अंगणात रांगेने निघाली. मुंगी सगळ्यात शेवटी, झोपमोड झाल्यामुळे रागावलेली, एका मोज्यात. मी खुंट्यांकडे झेपावले, मुंगीची पिशवी हुंगली. वास! अंगणात मुलांना खेळायला पाण्याचा टब भरून ठेवला होता (या टबाबद्दल मी तीन तक्रारी केल्या होत्या, आज मनातल्या मनात त्याचे पाय धरले). पिशवी त्यात उलटी केली. दुपटी, डबा, बाटली. चिंधी नाही!

"दुसऱ्या पिशवीत गेली असेल!" म्हणत मी शेजारची हुंगली. वास. तिच्या शेजारची. वास! ताई म्हणाल्या, "अहो, पण..." मी म्हटलं, "पण नाही नि बिण नाही!" आणि एकामागून एक अकराच्या अकरा पिशव्या टबात घातल्या. एक कापडी ससा पोट वर करून तरंगू लागला. ज्याचा होता त्याने गळा काढला, आणि मग बाकीच्यांनीही साथ दिली.

अकरा पिशव्या झाल्या, तरी वास होताच!

मी मटकन खाली बसले आणि मुंगीला उचलून छातीशी घट्ट धरलं. ती हुंदके देत होती. रोज करते तसं तिने माझ्या खांद्यावर नाक घासलं, अगदी मनापासून, दोन्ही बाजूंनी. मग मान वर केली. तिचं नाक आमच्या फ्रेटबोर्डसारखं चकाकत होतं.

ताईंनी दोन बोटांनी माझ्या खांद्यावरचं ते पांढरं कापड उचललं. हुंगलं. उलटून बघितलं. बनियनचा काठ होता त्याला.

"काखेत कळसा..." एवढंच म्हणून त्या थांबल्या. पुढचं बोलायची त्यांना गरजच वाटली नाही.

"काखेत नाही हो," मी पुटपुटले, "खांद्यावर."

मुंगीचं नाक साबणाने धुतलं. मग सगळ्या मुलांना ताईंच्या घरातल्या उशांचे अभ्रे गुंडाळून बसवलं. आपापल्या वस्तू काढायला सगळीच टबात शिरून भिजली होती, आणि कोरडे कपडे होते कुणाकडे? मी पिळत होते, ताई झटकत होत्या. निघताना त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "उद्यापासून दिवसाला दहा फोन करा. मी दहाही उचलेन. फक्त तुम्ही स्वतः येऊ नका."

संध्याकाळी नवऱ्याने गिटारवरून हात फिरवला. म्हणाला, "अगं, ही तर नवी झाली! कशी केलीस?" मी म्हटलं, काही विशेष नाही, चार थेंब तेल.

मग उद्याची वाट न बघता आतल्या खोलीत जाऊन हळूच दहातला पहिला फोन लावला.

"ताई, पिशव्या वाळल्या का हो?"

"वाळताहेत. पसरून घातल्यात. कोंडून नाही ठेवलेल्या!"