साळवे मॅडमचं भाषांतर

साळवे मॅडमच्या साडीची कुणी तारीफ केली, तर त्या म्हणायच्या, "हो, छान आहे." संपलं. स्वस्तातली आहे, जुनीच आहे, बहिणीने दिली, असलं काही पुढे यायचं नाही. माझी बायको हे पहिल्यांदा ऐकून आली तेव्हा चपलाही न काढता म्हणाली, समोरच्या बाई जरा वेगळ्याच आहेत.

आम्ही नुकतेच कुळगावात राहायला आलो होतो. मोबाईलवर इनकमिंग फुकट झालं, त्याच्या आसपासचे दिवस. सामान लावून झाल्यावर मी रीतीप्रमाणे समोरचं दार वाजवलं आणि म्हणालो, आमच्या छोट्याशा घरी चहाला या. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "छोटंसं कसं? माझ्याएवढंच आहे. बिल्डरचा प्लॅन एकच." चहाला मात्र आल्या, आणि येताना इडल्या घेऊन आल्या. इडल्या मी फार चांगल्या करते, हे त्यांनी डबा उघडायच्या आधीच सांगून टाकलं. इडल्या खरोखरच फार चांगल्या होत्या, त्यामुळे आम्हाला कौतुक करायलाही काही उरलं नाही.

अंबरनाथच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. फ्रेंच त्या शनिवारी-शनिवारी मुंबईला जाऊन शिकल्या. कशासाठी, असं विचारलं की म्हणायच्या, एकट्या इंग्रजीवर किती विश्वास ठेवायचा, आणखी कुणाला तरी विचारून बघावं. निवृत्तीनंतर त्या घरी शिकवण्या घेत. एकदा मी स्टूल मागायला गेलो, तर एका नव्या मुलीला त्या वडील काय करतात ते विचारत होत्या. मुलगी म्हणाली, काही नाही, रिक्षा चालवतात. मॅडमनी खडू खाली ठेवला. "काही नाही, की रिक्षा चालवतात? दोन्ही एकदम कसं करतील?" मुलगी हसली. मग तिने तेच वाक्य 'काही नाही' गाळून पुन्हा म्हटलं. मॅडमनी ते तिच्याकडून इंग्रजीतही म्हणवून घेतलं, आणि ती अजून एबीसीडीत अडखळत होती तरी फ्रेंचमध्येही. त्या दिवशी धडा तेवढाच. मी स्टूल न घेताच परत आलो.

माणसाला स्वतःबद्दल बरं वाटतं ते कुठल्या भाषेत नीट सांगता येतं, हा मॅडमचा लाडका विषय. जिन्यात भेटल्या तरी सुरू व्हायच्या. इंग्रजीतलं सेल्फ-एस्टीम त्यांना पटायचं नाही. त्यात किंमत करणं आलं, म्हणजे माणसाने आधी स्वतःला तागडीत घालायचं. फ्रेंचांचं एस्तीम द स्वा त्याचंच जुळं भावंड. आमूर-प्रॉप्र म्हणजे शब्दाला शब्द लावला तर स्वतःवरचं प्रेम, पण ते म्हणे सारखं दुखावतं, रुसक्या जावयासारखं. आणि आपला मराठी स्वाभिमान आपण फक्त भांडणात बाहेर काढतो, अशी त्यांची तक्रार. त्यांची पसंती एकाच फ्रेंच वाक्प्रचाराला होती, ब्यँ दाँ सा पो. आपल्या कातडीत बरं असणं. हे सांगताना त्या स्वतःच्या काळ्यासावळ्या मनगटावरून हात फिरवायच्या, चांगलं कापड हाताने बघावं तसा.

मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये, लालचंद शेठच्या जीन्सच्या कारखान्यात हिशेब लिहायचो. शेठच्या दुबईच्या भाच्याच्या ओळखीने एक फ्रेंच बाई माल बघायला येणार होत्या. त्यांना इंग्रजी जेमतेम यायचं. शेठ घायकुतीला आले. त्या वर्षी काम मंदावलं होतं, आणि ही ऑर्डर हातची गेली तर निम्मी मशीनं बंद करावी लागणार, हे कारागिरांनाही ठाऊक होतं. मी मॅडमचं नाव सुचवलं आणि लगेच मलाच धास्ती वाटायला लागली. कारण शेठची धंद्याची सगळी रीत वाकण्याची. गिऱ्हाईक दारात दिसलं की त्यांची मान आपोआप खाली जायची.

तसंच झालं. फ्रेंच बाई खुर्चीवर बसतात न बसतात तोच शेठनी हात जोडले. "साईं, हम तो छोटे लोग हैं. माल भी मामूली है. आप जो रेट बोलोगे." आणि मॅडमना म्हणाले, बोलो.

मॅडम फ्रेंचमध्ये बोलू लागल्या, आणि शेठपेक्षा कितीतरी जास्त बोलल्या. मध्येच उठून त्यांनी गठ्ठ्यातली एक पँट घेतली, उलटी केली आणि आतली शिवण बाईंपुढे धरली. मशीनवरच्या कारागिरांकडे हात केला. बाईंनी शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली, मग स्वतःच उठून दुसरी पँट उलटी केली. शेठ माझ्या कानाशी लागले, मैंने इतना कहाँ बोला था?

भाव ठरवताना शेठ पुन्हा वाकले. मॅडमनी तेही वाक्य सरळ करूनच पलीकडे पोचवलं. ऑर्डर मिळाली. फार मोठी नव्हती, पण मशीनं चालू राहतील एवढी. बाई गेल्यावर शेठनी विचारलंच, की तुम्ही त्यांना सांगितलंत तरी काय.

"आपने जो बोला वही," मॅडम म्हणाल्या. "सिर्फ छोटे और मामूली का फ्रेंच मुझे नहीं आता."

शेठ आधी गोंधळले, मग खुर्चीत बसून बराच वेळ हसत राहिले. नंतर त्यांनी मॅडमना सगळा कारखाना हिंडून दाखवला, कोणत्या मशीनवर कोण बसतो, कुणाचा हात कशावर बसलाय ते सांगत. इतकी वर्षं तिथे काम करून मलाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

परतताना आम्ही अंबरनाथपर्यंत रिक्षाने आलो. मी चेष्टेने म्हणालो, मॅडम, दुभाष्याने असं करायचं नसतं. त्या हसल्या नाहीत. थोड्या वेळाने आपणहून सांगू लागल्या. विशीत असताना त्यांना बघायला एक स्थळ आलं होतं. मुलगा त्यांना आवडला होता. वडिलांनी पाहुण्यांसमोर हात जोडले आणि म्हणाले, मुलगी काळी आहे, पण कामाला वाघ आहे, पदरात घ्या. मॅडम पोह्यांचा ट्रे ठेवून आत गेल्या, त्या पाहुणे जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. पुढे कुठल्याच स्थळासमोर बसल्या नाहीत. वडिलांचं सगळं शेवटपर्यंत त्यांनीच केलं. त्या दुपारबद्दल मात्र दोघं कधी बोलले नाहीत.

"त्यांचा माझ्यावर फार जीव होता हो," त्या म्हणाल्या. "त्यांना माझं कौतुकच सांगायचं होतं. चार लोकांसमोर ते कसं सांगतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं."

मी विचारलं, त्यांनी काय म्हणायला हवं होतं? मला वाटलं, आता फ्रेंच येणार.

मॅडम बाहेर रस्त्याकडे बघत होत्या.

"ही माझी मुलगी, शकुंतला," त्या म्हणाल्या. "एवढं म्हणून थांबले असते ना, तरी मी तिथेच बसले असते."