नऊ मार्चचा करकोचा

सकाळी साडेआठ वाजता एव्तिमने प्राणिसंग्रहालयातली गिधाडं मोजली. एक भरलं. त्याने चष्मा पुसून पुन्हा मोजलं. पिंजऱ्यात एकूण गिधाडं दोनच, त्यामुळे मोजणीत चूक व्हायला फारसा वाव नव्हता. कपारीवर कालिना नेहमीसारखी पाठ फिरवून बसली होती. डोब्री नव्हता. आणि पिंजऱ्याचं दार वाऱ्यावर आरामात हलत होतं.

दोष कुणाचा, हा प्रश्न एव्तिमला पडला नाही, कारण उत्तर त्याच्या मनगटावर होतं. काल तिथे अकरा मार्टेनित्सा होत्या, आज नऊ.

एक मार्चला स्तारा वोदा गावात माणूस घराबाहेर पडला की जो भेटेल तो त्याच्या मनगटाला लाल-पांढऱ्या लोकरीची मार्टेनित्सा बांधतो. नको म्हणता येत नाही. काढता तर त्याहून येत नाही. वर्षातला पहिला करकोचा दिसेपर्यंत ती हातावर वागवायची आणि मग मोहरलेल्या झाडाला बांधून मनातली इच्छा सांगायची. एव्तिमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण ओळखी फार होत्या. त्यामुळे गेले आठ दिवस तो कोपरापर्यंत लोकर घालून गिधाडांना ससे कापून देत होता.

दाराच्या कोयंड्याची खीळ फेब्रुवारीतच तुटली होती. नवीन खिळीसाठी त्याने ऑफिसात तीन अर्ज केले. पहिल्यावर ‘खीळ म्हणजे नेमके काय?’ असा शेरा आला, दुसऱ्यावर ‘चित्र जोडावे’ असा. तिसरा चित्रासह गेला होता. काल संध्याकाळी वैतागून एव्तिमने मनगटावरच्या दोन मार्टेनित्सा काढल्या, पीळ दिला आणि कोयंड्याला घट्ट गाठ मारली.

एक गोष्ट तो विसरला. पांढऱ्या गिधाडाच्या नराला मार्च महिन्यात जगात फक्त एकच वस्तू हवी असते. घरट्यात अंथरायला लोकर. डोब्रीने गाठ सोडवली होती, लोकर घेतली होती आणि दार उघडंच आहे म्हटल्यावर आणखी आणायला गेला होता.

“मिंका!” एव्तिम ओरडला.

तिकीट खिडकीवरची मिंका झाडू घेऊन धावत आली. तिने पिंजऱ्याकडे पाहिलं, मग एव्तिमच्या मनगटाकडे.

“काका, करकोचा दिसायच्या आधी काढलीत?”

“तो विषय आत्ता नको.”

“म्हणजे काढलीत. आणि आज त्या डॉक्टरबाई यायच्यात ना?”

यायच्याच होत्या. या जातीच्या पैदाशीचा सगळ्या युरोपातला हिशेब ठेवणाऱ्या डॉ. प्लांक दुपारी दोन वाजता व्हिएन्नाहून येणार होत्या. देशात उरलेल्या पांढऱ्या गिधाडांच्या सगळ्या जोड्या एका बसमध्ये बसवल्या तरी मागची बाकं रिकामी राहिली असती. त्यातली एक जोडी एव्तिमकडे होती आणि सहा वर्षांत त्या जोडीने एकमेकांशी बोलावं एवढंही केलं नव्हतं. एव्तिम दरवर्षी कपारीवर उत्तम पांढरी लोकर ठेवायचा. कालिना तिच्याकडे घरपट्टीची नोटीस आल्यासारखी बघायची. आज घरट्याची काही चिन्हं दिसली नाहीत, तर कालिना दुसऱ्या देशात दुसऱ्या नराकडे जाणार होती. विजेच्या तारेवर पंख मोडून घेतलेलं हे पोर एव्तिमने स्वतः खोक्यातून घरी नेऊन जगवलं होतं. ती उडत नसे. पण तो आला की तुरुतुरु चालत दारापर्यंत येई.

“डायरेक्टरसाहेब कुठायत?”

“विमानतळावर गेलेत बाईंना आणायला. येताना जेवूनच येणार.”

“मग दोनपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही. तू इथे उभी राहा. दार उघडंच ठेव. डोब्री आला तर त्याला आत घे. कालिना बाहेर पडायला लागली तर तिला अडव. कळलं?”

“कळलं. आला तर घ्यायचं, कालिनाला अडवायचं.”

एव्तिमने काठीला सशाची तंगडी बांधली, सायकल काढली आणि गावात शिरला.

चौकात रुस्का बेकरीच्या दारात उभी होती. त्याला पाहताच तिने त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

“एव्तिमकाका! शंभर वर्षं जगा!”

“रुस्का, एक पक्षी दिसला का तुला? मोठा, पांढरा, पंखांची टोकं काळी—”

“दिसला म्हणजे! चर्चवरून दोन फेऱ्या मारल्यान! नऊ मार्चला करकोचा! माझ्या आजीच्या हयातीतसुद्धा इतक्या लवकर आला नव्हता. मी तर लगेच काढली मार्टेनित्सा.” तिने मोकळं मनगट नाचवलं. “सगळ्या गल्लीने काढल्या.”

एव्तिमने डोळे मिटले. खालून पाहिलं तर पांढरं गिधाड आणि करकोचा यांत फरक करायला जरा नजर लागते, हे त्याला मान्य होतं. पण जरा.

“रुस्का, त्याचे पाय लांब होते?”

“पाय कोण बघतं?”

“चोच? चोच लांब, लाल होती का?”

“तोंड पिवळं होतं बघा.”

“करकोच्याचं तोंड पिवळं असतं होय?”

“आफ्रिकेतून उडत आलाय बिचारा! तुम्ही या तिथून उडत, मग बघू तुमचं तोंड कसलं होतंय.” मग तिला शंका आली. “का हो? करकोचा नव्हता का तो?”

एव्तिमने तोंड उघडलं. गिधाड म्हणावं, तर ते कुठून आलं हे सांगावं लागणार. शिवाय गिधाडाच्या भरवशावर गल्लीने मार्टेनित्सा काढल्या, हे कळल्यावर ती गल्ली त्याला सोडणार नव्हती.

“करकोचाच,” तो म्हणाला.

“मग तोंड का असं? घ्या, बानित्सा खा. गरम आहे.”

नाही म्हणण्यात वेळ जाईल म्हणून त्याने ती चीज भरलेली पापुद्र्यांची बानित्सा खाल्ली. पुढच्या गल्लीत लोहाराने खायला घातली, त्याच्या पुढे चर्चच्या पाद्रीबाबांनी राकियाचा पेला पुढे केला. एव्हाना बातमी त्याच्या सायकलीच्या पुढे धावत होती. शाळेने सुट्टी दिली होती. नगरपालिकेच्या बागेतल्या जर्दाळूच्या झाडांना शेकडो लाल-पांढरे गोंडे लटकत होते आणि काठीला तंगडी बांधून फिरणाऱ्या माणसाला सगळे जण आनंदाने वाट देत होते.

बागेतल्या बाकावर एक म्हातारेबुवा बसले होते.

“तुमचा करकोचा मघाशी इथेच होता,” ते म्हणाले. “झाडावरच्या मार्टेनित्सा उपटून नेतोय. माझीपण नेली. गुडघ्यासाठी बांधली होती.”

“मग? हाकललं नाहीत?”

“हाकलतोय कशाला? आता नेऊन थेट वरच देईल की!”

“कुठल्या बाजूला गेला?”

म्हाताऱ्याने अत्यंत श्रद्धेने आभाळाकडे बोट दाखवलं.

एवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको होती, स्तांका.

“ऐकलंस का, करकोचा आलाय. सोड त्या मार्टेनित्सा. मी बांधलेली आपल्या दारातल्या झाडाला लाव, दुसरीकडे नको.”

“तू कुठली बांधली होतीस?”

“हा काय प्रश्न झाला? निळा मणी असलेली!”

एव्तिमने मनगट फिरवून पाहिलं. निळा मणी नव्हता. निळा मणी बहुधा आत्ता गावावरून उडत होता.

“एव्तिम? आधीच काढलीस? करकोच्याच्या आधी?” पलीकडे मोठा श्वास घेतल्याचा आवाज आला. त्यानंतर स्तांका दीड तास बोलली. सत्तावीस वर्षांपूर्वी लग्नात त्याने पाव कसा उलटा धरला होता, इथपासून सुरुवात करून ती कालिनाच्या पंखापर्यंत आली. तेवढ्या वेळात एव्तिमने तीन छपरं, पाण्याची टाकी आणि कत्तलखान्याचं मागचं अंगण पाहून घेतलं. डोब्री नव्हता.

दोनला दहा कमी असताना तो घामाघूम होऊन परतला. मिंका झाडू टेकवून दारात उभी होती.

“काका! किती फोन लावले! सारखा बिझी!”

“आला?”

“आला की. सात वेळा.”

एव्तिमला वाटलं राकिया चढली. “सात वेळा म्हणजे?”

“येतो, लोकर ठेवतो, जातो. आत्ताच गेला परत.”

“जाऊ दिलंस?”

“तुम्हीच म्हणालात, आला तर आत घे. घेतलं. बाहेर जाताना अडव, हे तुम्ही कालिनाबद्दल म्हणालात.” मिंका दुखावली होती. “कालिनाला मी एकदापण बाहेर पडू दिलं नाही.”

एव्तिम उत्तर जुळवतच होता, तोच वळणावर डायरेक्टर बोगोमिल यांचा आवाज आला. गिधाडांच्या आधी ते नगरपालिकेचा बस डेपो सांभाळत आणि अजूनही प्राण्यांबद्दल सुट्या भागांबद्दल बोलावं तसं बोलत. “आणि ही आमची जोडी, डॉक्टर. दोन्ही नग हजर.”

डॉ. प्लांक उंच, गंभीर बाई होत्या. एव्तिमशी हात मिळवताना त्यांनी काठीवरची तंगडी पाहिली, पण काही विचारलं नाही. एव्तिमने मनाशी ठरवलं, आता सगळं सांगून टाकायचं.

“डॉक्टर, मला तुम्हाला एक—”

“श्श!”

बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली होती. वर कपारीवर, सहा वर्षं ओसाड पडलेल्या जागी, लाल-पांढऱ्या लोकरीचा भलामोठा ढीग होता आणि कालिना त्यात बसून चोचीने एकेक गोंडा नीट लावत होती. मधोमध निळा मणी चमकत होता.

“मादी घरटं लावतेय,” बाई कुजबुजल्या. “नर कुठे आहे?”

डोब्री त्याच वेळी रस्त्यावरून चालत येत होता. चोचीत तीन मार्टेनित्सा होत्या, बोजा जड झाल्यामुळे शेवटचा पल्ला त्याने पायी घेतलेला दिसत होता. बाजारातून घरी निघालेल्या कर्त्या माणसाच्या चालीने तो डॉ. प्लांक यांच्या मागून, अगदी कोटाला घासून गेला. मिंकाने झाडू बाजूला घेऊन अदबीने दार धरलं. तो आत शिरला. बोगोमिलसाहेबांचा जबडा खाली आला आणि तसाच राहिला. एव्तिमने दार ओढलं आणि खीळ नसल्यामुळे स्वतःच त्याला पाठ लावून उभा राहिला.

“अरे, हा आला!” दुर्बिणीतून बाई म्हणाल्या. “होता कुठे?”

“मागे होता,” एव्तिम म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

डोब्रीने मार्टेनित्सा कालिनासमोर ठेवल्या. तिने त्या उचलून पाहिल्या, सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे तोंड केलं आणि त्याच्या मानेची पिसं विंचरू लागली. डॉ. प्लांक यांचे डोळे ओले झाले. त्यांनी विचारलं, यंदा नेमकं काय वेगळं केलंत? बोगोमिलसाहेबांनी जबडा मिटून सांगितलं, की ही आमची स्थानिक पद्धत आहे, पिढ्यान् पिढ्यांची. बाई पाच वाजेपर्यंत लिहीत बसल्या. एव्तिम पाचपर्यंत दाराला पाठ लावून उभा होता. “किती लळा आहे यांना पक्ष्यांचा,” बाई म्हणाल्या.

“सहा वर्षं मी तीच लोकर आणून देत होतो,” त्या गेल्यावर एव्तिम चिडून म्हणाला. “जास्त चांगली. धुतलेली!”

“तुम्ही देत होतात, काका,” मिंका म्हणाली. “तो देत नव्हता.”

आठवड्याने पत्र आलं. कालिना कुठेही जाणार नव्हती. शिवाय डॉ. प्लांक यांनी सगळ्या प्राणिसंग्रहालयांना लाल-पांढरी लोकर वापरायची शिफारस केली होती आणि प्रयोग चालू ठेवायला स्तारा वोद्याच्या ऑफिसने दोन किलो मार्टेनित्सांची खरेदी एका दिवसात मंजूर केली. खिळीच्या अर्जावर त्याच दिवशी शेरा आला, ‘चित्र रंगीत हवे.’

सव्वीस मार्चला सकाळी तिकीट खिडकीतला फोन वाजला. मिंकाने ऐकलं आणि रिसीव्हर एव्तिमकडे दिला. रुस्का होती, फार रागावलेली.

“एव्तिमकाका, तुमच्याकडचं काहीतरी सुटलंय. बेकरीच्या धुराड्यावर येऊन बसलंय. पांढरं आहे, पण करकोचा नव्हे, करकोचा मी पाहिलाय. याचे पाय बघा केवढे! आणि चोच लालभडक. माझ्या गिऱ्हाइकांना भीती वाटतेय, या आणि घेऊन जा.”

एव्तिम सायकलवरून गेला. चौकात सारा गाव जमला होता आणि सगळ्यांची मनगटं मोकळी होती. त्याने वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग मनगटावरच्या नऊच्या नऊ मार्टेनित्सा एकेक करून सोडल्या आणि डोब्रीसाठी खिशात घातल्या.

“कुठलं आहे हो हे?” रुस्काने विचारलं.

“आमचं नाही,” एव्तिम म्हणाला.