हापशाचा स्पष्ट आवाज

मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीतला हापसा बिघडला आणि ही बाब धोंडाबाईने योग्य मार्गाने शासनाच्या कानावर घातली. यात नवल काही नाही. हापसे बिघडतात आणि शासनाला कान असतात, असं त्या काळी, म्हणजे २००३ च्या उन्हाळ्यात, अधिकृतपणे मानलं जात होतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडच्या एका कार्यालयाने 'ध्वनिमुद्रित तक्रार योजना' काढली होती. जीप वाडीवर जायची, टेपरेकॉर्डर लावला जायचा, माणूस बोलायचा आणि कॅसेट कार्यालयात जमा व्हायची. कार्यालयाचं नाव मी सांगणार नाही, कारण माझं तिथे येणंजाणं आहे.

धोंडाबाई नीट बोलली. आपलं नाव सांगितलं, वाडीचं सांगितलं. हापसा कोरडा वाजतो, बायांना खाली ओढ्यात खड्डा खणून पाणी भरावं लागतं, आणि आपली सून मेघा पोटुशी आहे, तिला चढावरून हंडा आणवत नाही, हेही सांगितलं. मग पुरावा म्हणून तिने टेपसमोर हापशाचा दांडा मारून दाखवला.

कार्यालयात नरेंद्रसाहेबांनी कॅसेट शांतपणे ऐकली आणि शेरा मारला, 'तक्रारदाराचा आवाज ऐकू येतो, हापशाचा स्पष्ट येत नाही. बिघाड निश्चित करता येत नाही.' कारकून संध्याबाईंनी सुचवलं की कोणीतरी जाऊन बघून यावं. साहेबांनी त्यांना समजावलं की ही योजना ऐकण्याची आहे. बघण्याची योजना वेगळी असून तिला अद्याप मंजुरी मिळालेली नाही.

म्हणून हेडफोन आले. चांगले, कान पूर्ण झाकणारे. तरीही हापसा दबकाच वाजत राहिला, आणि मग साहेबांनी मला बोलावणं धाडलं. मुरबाडच्या बाजारपेठेत माझं कॅसेटचं दुकान आहे. गाणं ऐकण्याची तालीम असलेला या तालुक्यातला मी बहुधा एकटाच माणूस. बाकीचे नुसता आवाज मोठा करतात. मी हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि निदान केलं की टेपरेकॉर्डरच्या अंगात एवढे भारी हेडफोन हलवायची ताकद नाही. मध्ये स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर हवा. शासनाने माझं मत विचारण्याची ती पहिलीच वेळ होती, त्यामुळे मी ते जरा ठासूनच दिलं.

फाइलीत त्याचं नाव 'शीर्षश्राव्य ध्वनिवर्धक संयंत्र' असं पडलं. संयंत्र आलं. पाठोपाठ वरून विचारणा आली की असल्या स्वतंत्र संयंत्राने आवाजाचा दर्जा खरोखर सुधारतो काय, याचा सप्रमाण खुलासा करावा. प्रश्न रास्त होता. जगभरचे शौकीन याच प्रश्नावर एकमेकांशी भांडत असतात. तातडीने एक समिती नेमली गेली. अध्यक्ष नरेंद्रसाहेब, ध्वनितज्ज्ञ मी, आणि चहा व लेखनासाठी संध्याबाई.

चाचणीचा नमुना म्हणून धोंडाबाईची कॅसेट घेतली. आधी संयंत्राशिवाय ऐकली, मग संयंत्र लावून. काय सांगू तुम्हाला! आधी नुसती एक बाई बोलत होती. आता ती समोर बसल्यासारखी झाली. तिसऱ्या दांड्याला तिला धाप लागते, ती धाप अगदी उजव्या कानात येत होती. हंडा दगडावर टेकल्याचा नाद असा काही घुमला, की तो रिकामा आहे हे पहिल्यांदाच कळलं. साहेबांनी हेडफोन काढले तेव्हा त्यांचे डोळे ओलावले होते.

"सदानंदशेठ," ते म्हणाले, "ही बाई जिवंत झाली हो."

बातमी पसरली. शहापूरहून दोन अधिकारी खास ऐकायला आले आणि येताना स्वतःच्या तालुक्यातली एक कॅसेट तुलनेसाठी घेऊन आले. ती अगदीच टाकाऊ निघाली. त्यांचा तक्रारदार ओरडून बोलला होता, आणि ओरडण्यात बारकावे राहत नाहीत. धोंडाबाईचा आवाज कसा, थकलेला पण सुरात! शहापूरकरांनी तिची धाप दोनदा मागून घेतली.

तेवढ्यात संध्याबाईंनी नियम काढला. निकाली निघालेल्या तक्रारीची कॅसेट पुसून पुन्हा वापरायची असते. म्हणजे हापसा दुरुस्त झाला की तक्रार निकाली, तक्रार निकाली की कॅसेट कोरी, आणि कॅसेट कोरी की चाचणी बुडाली. दुसऱ्या कॅसेटवर प्रत काढून ठेवू, असं त्याच म्हणाल्या. मी त्यांना बजावलं की प्रत काढताना वरचे बारीक स्वर मरतात आणि हापशाचं सगळं सौंदर्य त्या वरच्या करकरीत आहे. तेव्हा चाचणी पूर्ण होईपर्यंत हापसा दुरुस्त होता कामा नये, असं एकमताने ठरलं. बिनदुरुस्त ठेवणं कार्यालयाला नवीन नव्हतं, पण या खेपेला त्यामागे कारण होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात दुसऱ्याच कुठल्या खात्याचं दुरुस्ती पथक शेजारच्या वाडीवर आलं आणि आलोच आहोत तर म्हणून धोंडाबाईच्या हापशाकडे वळलं. कुणकुण लागताच आमची जीप सुटली. एरवी या जीपला डिझेल नसतं किंवा ड्रायव्हर नसतो. त्या दिवशी दोन्ही होते. आम्ही पोहोचलो तेव्हा बोल्ट ढिले झालेले आणि हंड्यांची रांग लागलेली. मेघा पोटावर हात ठेवून दगडावर बसली होती. साहेबांनी लांबूनच हात वर केला आणि हा हापसा चाचणीखाली असल्याचं जाहीर केलं.

पथकातला धाऊ मिस्त्री हातात नवा वायसर घेऊन उभा होता. "साहेब, पाच मिन्टाचा काम हाय," तो म्हणाला.

"म्हणूनच घाई नको," साहेब म्हणाले. "पाच मिनिटांचं काम कधीही होईल."

बोल्ट पुन्हा आवळले गेले. बायांनी रांग मोडली. हंडे उचलून खाली ओढ्याकडे चालू लागल्या. मला त्यांचं वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण ज्याच्या कानांवर संस्कार झालेत त्याला काही जबाबदाऱ्या टाळता येत नाहीत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी धोंडाबाई एसटीने थेट कार्यालयात आली. साहेबांनी तिला खुर्ची दिली, संध्याबाईंनी पाणी दिलं. तिने ते सगळं पिऊन आणखी मागितलं. एवीतेवी आलीच आहे तर खुद्द तक्रारदाराचं मत घ्यावं, म्हणजे अहवालाला वजन येईल, असं मला सुचलं. पदरावरूनच तिच्या डोक्यावर हेडफोन चढवले. आधी संयंत्राशिवाय ऐकवलं, मग संयंत्र लावून. ती खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

साहेबांनी विचारलं, "बोला धोंडाबाई. फरक जाणवतो का?"

"फरक हाय ना साहेब," धोंडाबाई म्हणाली. "तवा शेवटाला हापशाला जरा पानी तरी येत होता. आयका, गुळगुळतो बगा. आता तेवढापन नाय."

आम्ही पुन्हा ऐकलं. खरोखरच, अगदी शेवटी, करकरीच्या खाली घोटभर पाण्याची गुळगुळ होती. इतके दिवस आम्हा दोघांच्या कानांतून ती निसटली होती. आता संयंत्राचा दर्जा आणखी काय सिद्ध व्हायचा होता? साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं, "लिहा, तक्रारदाराने स्वतः फरक मान्य केला." संध्याबाईंचं पेन थोडा वेळ थांबलं, मग चाललं. धोंडाबाईने सुनेला नववा लागल्याचं सांगितलं. साहेबांनी अभिनंदन केलं.

अहवाल वर गेला, वाखाणला गेला आणि इतर कार्यालयांनीही तसली संयंत्रं मागवली. साहेबांना बढती मिळाली. ती कॅसेट त्यांनी कायमचा प्रमाण नमुना म्हणून माझ्या दुकानात ठेवली आहे. तक्रार निकाली निघालेली नसल्यामुळे ती आजही जशीच्या तशी आहे.

ऐकायला लांबलांबून लोक येतात, थेट कसाऱ्याहून येतात. डोळे मिटून धाप ऐकतात, हंडा ऐकतात, गुळगुळ ऐकतात आणि हेडफोन काढून सगळे एकच विचारतात, की स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरने खरंच एवढा फरक पडतो का? मी म्हणतो, पडतो. मेघाचं पुढे काय झालं, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही, त्यामुळे मलाही कधी चौकशी करावी लागली नाही. तुमच्याकडूनही मला ती भीती वाटत नाही. धोंडाबाईची धाप तुम्हीही इथपर्यंत चवीने ऐकत आलात. कान तयार आहेत तुमचे. एकदा दुकानावर या. मंगळवारी बंद असतं, बाकी कधीही चालेल. नुसतं ऐकायचे पैसे पडत नाहीत.