गवतावर आलं ते सगळ्यांचं

सोमवारी सकाळी सहाच्या ठोक्याला मी स्वतःच्या गाडीने क्रिस्टल ब्रूकला कामावर हजर होईन, असं मेरिन पास्कोने ज्या दिवशी छातीठोकपणे जाहीर केलं, त्या दिवशी त्या गाडीत एक कोंबडी अंड्यावर बसलेली होती.

गाडी म्हणजे अंगाने जरा वाढलेली मोटार आणि रुबाबाने जरा खुरटलेली जीप. असल्या छोट्या एसयूव्ही एकेकाळी ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीत दर दुसऱ्या दारात दिसायच्या. ही मात्र मेरिनच्या नवऱ्याच्या, डेलच्या, काकांच्या शेतावर सहा वर्षं कुंपणाला टेकून उभी होती. टपाचा रंग उन्हाने सोलून निघाला होता, पुढच्या दिव्यांना मोतीबिंदू झाला होता, आणि मागच्या दाराची एक काच अर्धी खाली जाऊन जी अडकली होती ती अडकलीच होती. त्याच फटीतून कोंबडीची ये-जा चाले. काकांनी चारशे डॉलर आणि एका फ्रूटकेकवर गाडी दिली आणि वर कोंबडीही दिली. गाडी सोडून ती राहायची नाही, म्हणाले.

सासूबाई, म्हणजे लॉरेन, शेजारच्याच गल्लीत राहायच्या. गाडी ट्रेलरवरून उतरताना त्या हाताची घडी घालून बघत होत्या. कोंबडीचं नाव त्यांनी तिथल्या तिथे ‘मालकीण’ ठेवून टाकलं.

“गाडीत राहते ती. भाड्याचं रोज एक अंडं देते ती,” त्या म्हणाल्या. “तू फक्त धुणंपुसणं बघ, बाळा.”

मेरिनला हसू आलं नाही. क्रिस्टल ब्रूकच्या वृद्धाश्रमातली स्वयंपाकघराची नोकरी तिला जिवापाड आवडायची आणि बाळंतपणाची रजा संपत आली होती. अंतर तीस किलोमीटर. पहाटे तिकडे जाणारी बस नाही. आधीची गाडी लेकीच्या, टेसच्या, जन्माआधीच वारली होती. डेल दोन आठवडे उत्तरेच्या खाणीवर असे, तोही खाणीच्या बसने जाई. स्वयंपाकघराच्या मुख्य गेलीन. त्यांनी मेरिनसाठी जागा दोनदा अडवून धरली होती, तिसऱ्यांदा मात्र त्यांनी फोनवर स्पष्टच सांगितलं: “सोमवारी तू आलीस तर आनंद आहे. नाही आलीस तर मंगळवारी दुसरी कुणीतरी येईल. भोपळे काही स्वतःला सोलून घेत नाहीत.”

झालं. मेरिन गाडीच्या मागे लागली.

काम करायचं ते टेस झोपेल तेव्हा. टेस सात महिन्यांची, आणि तिची झोप म्हणजे चाळीस मिनिटांचं कंत्राट. एक मिनिट जास्त नाही. पहिल्या झोपेत मेरिनने बॅटरी बदलली. दुसऱ्या झोपेत एअर फिल्टर उघडला, तर आत उंदरांचं घरटं निघालं. त्यात लोकरीचा एक मोजासुद्धा होता. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या झोपेत पेट्रोलचा पंप. फोनवर आवाज बारीक करून व्हिडिओ लावायचा, त्यातला माणूस ‘आता हे सहज निघेल’ म्हणायचा, आणि ते निघेपर्यंत टेस उठायची. पण तीन आठवड्यांनी, एका सकाळच्या झोपेत, गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली. मेरिन स्टीअरिंगवर डोकं टेकून रडली. मालकीण मागून कॅरकॅर करत बाहेर आली आणि रागाने तिच्याकडे बघत राहिली.

नोंदणीही झाली. उरला तो फक्त वास. सहा वर्षांचा कोंबडीवास! काचा उघडून चालवली तर डोळ्यांना पाणी, बंद करून चालवली तर जिवावर बेतायचं. त्यात टेसची खुर्ची मागच्या सीटवर बसवायची होती.

म्हणून बुधवारी मेरिनने सीटा काढल्या. पुढची डावीकडची, मागची लांब, शिवाय पायपुसणी आणि सुटं चाक. ड्रायव्हरची सीट तेवढी गंजामुळे हलली नाही. सगळे बोल्ट आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात टाकले, डब्यावर मार्करने ‘सीटचे बोल्ट’ असं लिहिलं, सीटा व्हिनेगर लावून तीन तीनदा घासल्या, आणि उन्हात वाळायला घरासमोरच्या गवताच्या पट्टीवर मांडल्या. गाडीही मागचे दोन दरवाजे उघडे ठेवून तिथेच, रस्त्याकडेला उभी केली. तेवढ्यात टेस उठली. मेरिन तिला पाजायला सोफ्यावर बसली, आणि टेसच्या आधी तीच झोपली.

फ्रिजवर एका चुंबकाखाली चार कागद होते. वरती लसीकरणाचा, त्याखाली डेलच्या पाळ्यांचा, त्याखाली गेलीनचा. सगळ्यात खाली कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, चिठ्ठी: मोठा कचरा उचलणारा ट्रक गुरुवारी सकाळी येईल.

वर्षातून दोनदा हा ट्रक यायचा, आणि त्याच्या आदले दोन दिवस गल्लीत सणासारखे असायचे. नको असलेलं सामान ज्याने त्याने आपल्या गवतावर ठेवायचं, आणि दुसऱ्याच्या गवतावरचं हवं ते उचलून न्यायचं. विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत, परत तर कधीच मागायचं नाही. मेरिनचं अर्धं घर असंच गवतावर उगवलेलं होतं. ज्या सोफ्यावर ती घोरत होती, तोसुद्धा.

दोन तासांनी ती बाहेर आली. सीटा नव्हत्या. चाक नव्हतं. डबा नव्हता. उलट त्या जागी एक व्यायामाची सायकल, फाटकी गादी आणि एक मायक्रोवेव्ह येऊन बसला होता, कारण ढीग दिसला की त्यात भर घालावीशी वाटते, हा माणसाचा स्वभावच आहे.

टेसला बाबागाडीत टाकून मेरिन निघाली.

लांब सीट चार घरं पलीकडे सापडली. कोस्ता आजोबांनी ती अंजिराच्या झाडाखाली ठेवली होती, आणि तिच्यावर त्यांचे दोन मित्र पत्ते पिसत इतके निवांत बसले होते, जणू गाडी सुटायची वाट बघत आहेत. मेरिनने आपली कर्मकहाणी सांगितली. कोस्तांनी तिला कॉफी दिली, टेसच्या हातात पावाचा तुकडा दिला, सगळं ऐकून घेतलं.

“गवतावर आलं ते सगळ्यांचं, पोरी,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी मी झुलती खुर्ची बाहेर ठेवली. बायकोची होती. ती गेल्यावर रोज ती रिकामी बघवेना म्हणून ठेवली. तू नेलीस. दुसऱ्या दिवशी मला चैन पडेना. आलो का मी मागायला?”

त्याच खुर्चीत बसून मेरिनने टेसला सात महिने पाजलं होतं. ती घरी गेली, खुर्ची उचलली आणि स्वतः आणून अंजिराखाली ठेवली. कोस्तांनी तिच्या दांड्यावरून एकदा हात फिरवला आणि मित्रांना म्हणाले, “उठा रे. सीट पोचती करा.”

इथे थांबली असती तरी चाललं असतं. पण पुढची सीट गल्लीतल्याच नोएलीन वोइटबाईंकडे निघाली. टीव्हीसमोर ठेवून त्या तिच्यावर रेलल्या होत्या आणि दहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांची पाठ दुखत नव्हती. ही न्यायची तर पाठ टेकायला दुसरं काहीतरी द्यावं लागेल, म्हणाल्या. कोस्तांचे मित्र आता उत्साहात आलेले. त्यांनी मेरिनचा सोफा हां हां म्हणता वोइटबाईंकडे नेऊन ठेवला. सुटं चाक कोपऱ्यावरच्या कुटुंबाने मुलांच्या झोक्यासाठी झाडाला टांगलं होतं. मुलं ते सोडेनात. शेवटी वडील लाजत म्हणाले, जेवणाचं टेबल मिळालं तर मुलांना त्याखाली तंबू करता येईल. टेबल गेलं. त्यामागे खुर्च्याही गेल्या, कारण टेबल एकटं बरं दिसेना. पायपुसण्यांवर मेरिनने पाणी सोडलं.

संध्याकाळी सीटा गाडीशेजारी परत आल्या होत्या. घरात मात्र ती आणि टेस जमिनीवर बसल्या होत्या, आणि बोलल्यावर घुमत होतं. बोल्टांचा पत्ता नव्हता. फोनवर डेलने विचारलं, कसं चाललंय. मेरिन म्हणाली, प्रशस्त वाटतंय.

गुरुवारी सकाळी लॉरेन भोपळ्याचं सूप घेऊन आल्या. टेस आजीकडे झेपावली. मेरिनची नजर मात्र सूपच्या डब्यावर खिळली. आइस्क्रीमचा डबा. वर तिच्याच अक्षरात ‘सीटचे बोल्ट’.

“लॉरेन,” ती अगदी हळू म्हणाली, “हा डबा तुम्ही कुठून घेतला?”

“माझाच आहे तो. पाच महिने झाले, परत केलास का तू? काल इकडून जाताना गवतावर दिसला.”

“आणि आतलं?”

“ते गंजकं सामान होय? वाटेत सांडून कुणाच्या टायरात जाऊ नये म्हणून त्या मायक्रोवेव्हमध्ये ओतलं. दारही नीट लावलं हो मी.”

बाहेर ट्रकचा घरघराट थांबला.

मेरिन अनवाणी धावली. सायकल गेली होती, गादी गेली होती, आणि मायक्रोवेव्ह ट्रकच्या जबड्यात नुकताच चपटा होत होता. ट्रकवाल्याने भला माणूस म्हणून यंत्र थांबवलं, आत हात घालून चाचपलं आणि सोळातले नऊ बोल्ट तिच्या ओंजळीत ठेवले. त्यातले चार वाकडे होते.

मेरिनने ओंजळीकडे बघितलं. मग गाडीकडे. तीन आठवड्यांच्या सगळ्या झोपा, टेसच्या आणि तिच्या स्वतःच्या, तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या. तिची झुलती खुर्ची गेली होती, सोफा गेला होता, आणि सोमवार काही हलत नव्हता.

“हीसुद्धा न्या,” ती म्हणाली. “गवतावरच आहे. घेऊन जा.”

ट्रकवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली. उघड्या दारातून आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. मग खिशातून एक पिवळा स्टिकर काढून काचेवर चिकटवला, अंगठ्याने नीट दाबला.

“बाई, आमचेही काही नियम आहेत,” तो म्हणाला आणि गेला.

स्टिकरवर छापलं होतं: ‘ही वस्तू कचरा म्हणून स्वीकारता येत नाही. मालकाने स्वतः व्यवस्था करावी.’

लॉरेन टेसला कडेवर घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी स्टिकर दोनदा वाचला. एरवी सुनेला चिमटा काढायची अशी संधी त्यांनी सोडली नसती. पण त्यांनी नुसतं टेसचं टोपडं सरळ केलं आणि म्हणाल्या, “कोस्ताच्या शेडमध्ये कॉफीचे डबे आहेत. नट, बोल्ट, खिळे. लग्न झाल्यापासून काही टाकलेलं नाही त्याने. मी विचारते. तू आधी सूप पी.”

शुक्रवारी सीटा बसल्या. कोस्तांनी बोल्ट दिले, आवळले आणि आवळताना तिला तीनदा सांगितलं की हे परत द्यायचे नाहीत. शनिवारी डेल आठवडाभरासाठी घरी आला. दार उघडून आत गेला आणि लगेच बाहेर येऊन घराचा नंबर बघू लागला. जेवायला बसायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून तिघंही गाडीत बसले. खिमा भरलेल्या पेस्ट्र्या, त्यावर सॉस, समोर काचेवर पिवळा स्टिकर. तो काही केल्या खरवडून निघत नव्हता. डेल खात खात म्हणाला की व्हिनेगरचा वास त्याला लहानपणापासून आवडतो. खोटं होतं, पण मेरिनने ते गोड मानून घेतलं.

सोमवारी पहाटे डेल आणि टेस एकाच उशीवर झोपले होते. मेरिन पाय न वाजवता बाहेर आली. गाडी तिसऱ्या किल्लीला चालू झाली. वाटेत एकदाही बंद पडली नाही. क्षितिजावर उजाडत होतं, अर्ध्या उघड्या काचेतून गार वारा येत होता, आणि वास? वास अजिबात नव्हता. निदान निम्म्या वाटेपर्यंत तरी नव्हता. मग थोडा आला. जुना असेल, जाता जाता जाईल, असं मेरिनने मनाला समजावलं.

सहाला आठ मिनिटं कमी असताना ती वृद्धाश्रमाच्या मागच्या दारी पोचली. गेलीन चहाचा मग घेऊन पायरीवर उभ्या होत्या. मेरिन उतरली, पदक घालून घ्यायला वाकावं तशी जरा वाकली आणि म्हणाली, “सांगितलं होतं ना.”

गेलीननी स्टिकर वाचला. मग चालत मागच्या काचेपाशी गेल्या आणि आत डोकावल्या.

“तुझं नाव लिहिते पाळीवर,” त्या म्हणाल्या. “पण दोघी येणार असं बोलली नव्हतीस.”

मेरिनने दार उघडलं. तीनदा घासलेल्या, घर रिकामं करून मिळवलेल्या सीटवर, बरोबर टेसची खुर्ची बसायची तिथे, मालकीण पिसं फुलवून बसली होती आणि कॅरकॅर करत दार लावून घ्यायला सांगत होती.

अंडं अजून गरम होतं.