हवा हाय, पन भरोसा नाय

घरतकाका रोज सकाळी साडेसहाला खाली उतरायचे आणि आमच्या बिल्डिंगमधल्या यच्चयावत गाड्यांच्या टायरवर अंगठा दाबून बघायचे. नवीन पनवेलमधली आमची तीन मजली बिल्डिंग, पार्किंगमध्ये चौदा दुचाक्या, म्हणजे अठ्ठावीस टायर. काका एकही सोडत नसत. दाबायचे, मान तिरपी करून क्षणभर काहीतरी ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "हवा हाय, पन भरोसा नाय."

गंमत म्हणजे काकांना स्वतःला साधी सायकलही येत नव्हती. उभा जन्म मिठागरात गेला. मिठागरं गेली तेव्हा बंदराकडच्या एका कंटेनर यार्डात वॉचमन म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. तिथे दिवसभर समोरून ट्रेलर जाताना बघून बघून ह्या माणसाच्या मनात चाक नावाच्या वस्तूची जी धडकी भरली, ती कायमची. मी ऑफिसला निघालो की गेटपाशी हमखास अडवायचे. "मास्तर, मागचा टायर जरा नरम वाटतंय." बस! पळस्पे फाट्यापर्यंत माझं अर्धं लक्ष मागच्या चाकाकडे.

मी मास्तर नाही हो. एका कुरिअर कंपनीत बिलं करतो. पण चष्मा लावणारा माणूस तो मास्तर, असा काकांचा नियम होता, आणि त्यांचा नियम बदलायला गेलेले लोक दमून परत आले होते.

अशा माणसाच्या मुलीने मोटरसायकल घ्यावी, आता बोला!

मनीषा त्यांची एकुलती एक. काकी तीन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून घरात ही दोघंच. पोरगी बी.कॉम. झाली, बंदराजवळ द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझरची नोकरी लागली. आणि एका शनिवारी मामेभावाची जुनी मोटरसायकल घेऊन ती गेटमधून आत आली. "सोमवारपासून ट्रेनिंग, पंधरा दिवस कंपनीची बस आहे. त्यानंतर मी गाडीने जाणार," असं तिने जाहीर केलं.

काका एवढंच म्हणाले, "त्या रोडला ट्रेलरवाल्याला हत्ती दिसत नाय, तं माजी पोरगी कुटं दिसंल?"

आणि त्यांनी तिच्याशी बोलणं बंद केलं.

बंद म्हणजे अगदी बंद. पण एका घरात राहायचं तर निरोप द्यावे लागतात, आणि निरोप्या म्हणून समोरच्या दारात राहणारा मी सापडलो. मी दाढी करत असलो तरी बेल वाजायची. दारात काका, त्यांच्या मागे तीन फुटांवर मनीषा. "मास्तर, तिला इचारा, डब्याला भाकरी नेनार का चपाती?" मी तोंडाला फेस लावलेल्या अवस्थेत विचारायचो. ती मलाच सांगायची, "दादा, सांगा त्यांना, भाकरी." ते दोघंही ऐकत असायचे, तरी मी दोन्हीकडून बोललंच पाहिजे. माझी बायको आतून हसत असायची. तिचं काय जातंय हसायला!

ती गाडीने जायला दोन दिवस उरले, त्या शनिवारी काकांनी मनीषाच्या गाडीच्या मागच्या टायरवर अंगठा दाबला आणि नेहमीचं वाक्य म्हटलंच नाही. खाली बसले, टायरवरून तळहात फिरवला आणि मला हाक मारली. टायरची नक्षी पार झिजली होती, पार टक्कल.

"बदलून घ्या की! कोपऱ्यावर दुकान आहे," मी म्हणालो.

"दुसऱ्याच्या हातावर भरोसा नाय. मी बदलनार. तुमी येनार."

मी आयुष्यात घरचा बल्बसुद्धा बायकोने स्टूल धरल्याशिवाय बदललेला नाही. पण काका चपला घालून निघालेसुद्धा. दुपारी कळंबोलीहून सहाआसनी रिक्षातून नवा टायर मांडीवर घेऊन परत आले, आणि तो खाली पार्किंगमध्ये न ठेवता सरळ वर घरात नेला. नवी वस्तू आधी देवापुढे, मग वापरात. रात्रभर टायर देव्हाऱ्यासमोर पाटावर होता. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, सगळं साग्रसंगीत.

रविवारी सकाळी आठला आम्ही बसलो. मोबाइलवर बघून काहीही शिकायचे दिवस अजून यायचे होते. आमच्याकडे भांडवल म्हणजे दोन पाने, एक लोखंडी पाइप, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पायाने मारायचा पंप आणि काकांनी यार्डात वीस वर्षं लांबून बघितलेलं काम. मनीषा गाडीचं मॅन्युअल घेऊन पायरीवर बसली होती. मध्ये मी.

पहिला नटच हलेना. पान्याला पाइप लावला, पाइपवर मी उभा राहिलो, तरी ढिम्म! "दादा, सांगा त्यांना, उलट्या बाजूला फिरवताय," मनीषा म्हणाली. मी सांगितलं. काका म्हणाले, "सांगा तिला, मना म्हाईत हाय." आणि बाजू बदलली. नट सुटला, मी पाइपवरून खाली आलो तो थेट बादलीत.

चाक निघालं. हवा सोडताना व्हॉल्वची पिन टुणकन उडाली आणि पाऊण तास आम्ही दोघं पार्किंगमध्ये रांगत होतो. शेवटी ती माझ्या शर्टाच्या खिशात सापडली. जुना टायर रिमला असा चिकटला होता की त्यावर आम्ही दोघांनी उड्या मारल्या. पहिल्या मजल्यावरच्या जोशीबाई गॅलरीत येऊन बघत उभ्या राहिल्या, आणि मी नजर वर केली नाही. मग माझ्या घरून साबण आला. अंगाचा, चंदनाचा. फेस लावून नवा टायर घातला, ट्यूब सरकवली, पट्ट्यांनी कड आत ढकलली. साडेअकरा वाजता हवा भरली तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. घामही असेल, पण मला पाणी वाटलं.

"दादा," मनीषा पायरीवरून म्हणाली, "त्यांना विचारा, बाण कुठाय?"

"कसला बान?"

मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं. टायरच्या अंगावर एक बाण असतो, चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेला त्याचं टोक यायला पाहिजे. आम्ही चाक फिरवून फिरवून दोन्ही बाजूंनी पाहिलं. बाण कुठेच नाही. पण टायरच्या एका अंगाला काकांनी बोटाने काढलेलं कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक होतं. काल देव्हाऱ्यातल्या तेलात आणि हळदीत कालवून घट्ट बसलेलं.

"त्याच्याखाली असेल," मनीषा उठली आणि तिने ओढणीचं टोक ओलं केलं.

"पुसायचं नाय!" काका एवढ्या जोरात ओरडले की जोशीबाई आत गेल्या. "मास्तर, तिला सांगा! पोरीच्या गाडीचं कुंकू पुसतात का कदी? उद्या ती पयल्यांदा गाडी बाहेर काढनार!"

"सांगा त्यांना, बाण उलटा असला तर ट्रेलरपुढे घसरणार कोण, मी की कुंकू?"

हा निरोप मी पोचवला नाही. माझी तेवढी छाती नव्हती. पण काकांनी तो ऐकलाच होता, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. हात कुंकवावर धरून तसेच बसले. पुसलं तर अपशकुन, न पुसलं तर भरोसा नाही. मला काय सुचलं देव जाणे, मी म्हणालो, "काका, पुसू नका. अभिषेक करा."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तेव्हा मी खरोखरच मास्तर झालो. काकांनी वर जाऊन देवाचा तांब्या आणला आणि टायरवर धार धरली. बोटाने चोळत होते, पण तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, म्हणजे ते पुसणं नव्हतं. लाल पाणी फरशीवरून वाहून गेलं आणि खाली बाण दिसला. चाक गाडीला जसं बसणार होतं तसं धरून पाहिलं.

बाण उलटा होता.

काका मटकन खाली बसले. "मास्तर, मी तिला मारलीच असती," एवढंच म्हणाले. या वेळी निरोप नव्हता तो. पण मनीषाने तो ऐकला. ती त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली, हवा सोडली, पिन स्वतःच्या मुठीत ठेवली आणि पट्टी उचलली.

मग बापाने चाक दोन गुडघ्यांत धरलं आणि लेकीने टायर उतरवला. उलटा करून पुन्हा चढवला. "सांगा तिला, ट्यूब चिमटंल," काका म्हणायचे आणि मी तोंड उघडायच्या आत ती पट्टी सरकवायची. "सांगा त्यांना, घट्ट धरा," ती म्हणायची आणि ते आधीच धरून बसलेले असायचे. तासाभरात झालं. काकांनी नवं कुंकू लावलं, बाणापासून चांगलं वीतभर लांब.

पण जिवाला चैन कुणाला! चाक बसवल्यावर नट आवळला कोणी, मी की काकांनी, हे संध्याकाळी आम्हा दोघांनाही आठवेना. मी चार वेळा खाली जाऊन पाना लावून आलो. प्रत्येक वेळी काका आधीच तिथे पाना घेऊन उभे.

सोमवारी सकाळी मनीषा निघाली. काका गॅलरीतही आले नाहीत. मी ऑफिसात बिलांवर बिलं चुकवली आणि पाच वाजता डोकं दुखतंय सांगून घरी आलो. काका गेटपाशी स्टुलावर. बिल्डिंगचा वॉचमन म्हणाला, सकाळी दहापासून बसलेत, जेवायलाही उठले नाहीत.

ती साडेसहाला यायची होती. पावणेसात झाले.

"मास्तर, फोन लावा तिला. तुमी लावा."

लावला. वाजून वाजून बंद झाला.

"गाडीवर असेल, म्हणून उचलत नसेल," मी म्हणालो.

"आनि गाडीवर नसंल तं?"

सात वाजले. काकांचा अंगठा स्वतःच्याच गुडघ्यावर दाबला जात होता, सुटत होता, पुन्हा दाबला जात होता. त्या नटाला मी शेवटचा पिळा दिला होता का? त्या क्षणी मी सगळ्या देवांना सगळं काही कबूल केलं, चहा सोडण्यासकट.

सात वाजून दहा मिनिटांनी ती आली. हेल्मेट, पाठीला सॅक, तोंडभर धूळ. ट्रेलरची रांग लागली होती, पाऊण तास अडकले, असं तिने मलाच सांगितलं. गाडी स्टँडला लावली.

काका उठले. मागच्या चाकाशी खाली बसले. मला वाटलं, आता अंगठा दाबणार. पण त्यांनी अख्खा तळहात टायरवर ठेवला आणि ठेवूनच दिला. टायर गरम होता. वर न बघता म्हणाले,

"आलीस, बाय?"

मनीषाने सवयीने माझ्याकडे पाहिलं. "दादा, सांगा त्यांना..." असं म्हणाली आणि थांबली. हेल्मेट हातात धरून तशीच उभी राहिली. मग त्यांच्या शेजारी खाली बसली.

"आले, बाबा. तुम्ही जेवलात का?"

मी जिना चढायला लागलो. मधे उभं राहायची आता कुणाला गरज नव्हती.